भाले उभे की आडवे? टेबलावरच्या मध्ययुगीन घोडदळाचा आढावा

माझ्या टेबलावर बारा घोडे वाळत उभे आहेत. स्वार अजून चढलेले नाहीत, कारण त्यांच्या उजव्या हाताचे काय करायचे ते ठरत नाही. प्लास्टिकच्या डब्यात बहुधा दोन्ही तऱ्हेचे हात येतात: भाला उभा धरलेला, आणि काखेत दाबून समोर रोखलेला. उभा लावला तर घोडदळ नुसते कूच करत असल्यासारखे दिसते. आडवा लावला तर चढाईचा क्षण छान उतरतो, पण भाल्याचे टोक घोड्याखालच्या बैठकीच्या, म्हणजे बेसच्या, दोन बोटे पुढे येते. मग शत्रूचा बेस समोर टेकवायची वेळ आली की भाले एकमेकांत अडकतात, आणि दोन प्रौढ माणसे श्वास रोखून ते सोडवत बसतात.

वरवर हा गोंदाचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागले की मध्ययुगीन स्वार खरोखर कसा लढत असे, या इतिहासकारांच्या शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या वादात माणूस शिरतो आणि लवकर बाहेर येत नाही. मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे रंगवलेल्या छोट्या फिगरांनी फासे आणि फूटपट्टीच्या आधारे लढाई खेळणे, हा छंद आपल्याकडे नवा असला तरी त्यातला आनंद आपल्याला परका नाही. दिवाळीत किल्ला करणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही मातीचे मावळे कुठे उभे करायचे यावरून झालेली भांडणे आठवतील. फरक एवढाच की किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच असले तरी कोणी तक्रार करत नाही. वॉरगेमिंगमध्ये अडीच मिलिमीटरवरून तक्रार होते, आणि ती का होते हेही पुढे येईल.

हा आढावा पश्चिम युरोपापुरता आहे, त्यातही मुख्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या फ्रेंच घोडदळापुरता. नवे खेळाडू बहुधा तिथूनच सुरुवात करतात. तयार फिगर भरपूर मिळतात, आणि झुलींवरचे रंग बघून मोह आवरत नाही.

खेळ कुठून आला

१८२४ साली प्रशियाचा अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने वडिलांचा जुना खेळ सुधारून ‘क्रीगस्पील’ सैन्यापुढे मांडला. त्यात नकाशा होता, ठोकळे होते, फासे होते, फिगर नव्हत्या. खेळण्यातले शिपाई आणि नियम यांची गाठ लोकांसमोर घालून दिली ती एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ने. त्यात एका चालीत पायदळ एक फूट चालते, घोडदळ दोन फूट, आणि खेळण्यातल्या तोफेतून खरोखरीचा लाकडी गोळा सुटतो. घोडदळ दुप्पट वेगाने जाते, यापलीकडे त्याच्या स्वभावाची चौकशी वेल्स फारशी करत नाहीत.

ती चौकशी सुरू झाली प्राचीन आणि मध्ययुगीन लढाया खेळणाऱ्यांकडून. डॉनल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२च्या ‘वॉर गेम्स’मध्ये टोनी बाथ यांचे प्राचीन लढायांचे नियम छापले गेले. १९६५ साली बाथ यांनीच ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ स्थापन केली. नाव प्राचीनांचे असले तरी मध्ययुगही तिच्याच कक्षेत येते, आणि ‘स्लिंगशॉट’ हे तिचे मुखपत्र आजही निघते. १९६९ साली फिल बार्कर आणि सहकाऱ्यांच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने नियमावली काढली, आणि पुढची दोन दशके इंग्लंडातल्या टेबलांवर तिचे राज्य होते. अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ आली. तीही मध्ययुगीन लढायांचीच, पण तिच्या शेवटी जोडलेल्या काल्पनिक प्राण्यांच्या पुरवणीतून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ उभे राहिले आणि मूळ नियमावली त्या प्रसिद्धीखाली झाकली गेली. आज जगभर मुले ड्रॅगन मारत बसतात. त्या खेळाची एक नाळ चिलखती स्वारांच्या टेबलापर्यंत जाते, हे थोड्यांना ठाऊक असते.

१९९० साली बार्कर यांच्याच ‘डीबीए’ने सगळे सैन्य बारा बेसांवर आणून ठेवले. १९९८ साली ‘वॉरहॅमर एन्शंट बॅटल्स’ आले, २०११ साली ‘सागा’, २०१४ साली डॅनियल मर्सी यांचे ‘लायन रॅम्पंट’. या चौघांचे घोडदळ एकमेकांशी जुळत नाही, आणि नव्या खेळाडूचा गोंधळ नेमका इथून सुरू होतो.

एक स्वार म्हणजे किती स्वार

घोडदळ उभारायला बसलेल्याने सर्वांत आधी विचारायचा, आणि प्रत्यक्षात सर्वांत शेवटी विचारला जाणारा प्रश्न हा: टेबलावरची एक फिगर खऱ्या किती माणसांच्या बदल्यात उभी आहे?

एका मताप्रमाणे एक फिगर म्हणजे एकच माणूस. ‘सागा’ आणि ‘लायन रॅम्पंट’ या बाजूचे. ‘लायन रॅम्पंट’मध्ये चिलखती स्वारांची तुकडी सहा फिगरांची असते आणि तिची किंमत सहा गुण, पूर्ण सैन्य चोवीस गुणांचे. म्हणजे सगळे गुण सरदारांवरच उधळायचे ठरवले तर चार तुकड्या, चोवीस स्वार. ‘सागा’त निवडक योद्धे एका गुणाला चार मिळतात, सहा गुणांना पुन्हा चोवीस, वर एक नायक. दोन वेगवेगळ्या घरांतून निघालेले हिशोब एकाच आकड्याला येऊन थांबतात. छोट्या टेबलावर, दोन तासांत, दोन माणसांना सांभाळता येतील इतके घोडे तेवढेच असतात, असे मला वाटते.

दुसरे मत जुन्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपचे: एक फिगर म्हणजे वीस माणसे (पुढच्या आवृत्तीत पन्नास). इथे फिगर मोजता येतात, मेल्या की उचलता येतात, आणि शंभर फिगर मांडल्या की इतिहासातली दोन हजारांची फौज उभी राहते.

तिसरे मत ‘डीबीए’चे. तिथे फिगर मोजायचीच नाही, बेस मोजायचा. १५ मिलिमीटरच्या फिगरांसाठी बेस ४० मिलिमीटर रुंद, २८च्या फिगरांसाठी ६०. चिलखती सरदार आणि साधे घोडदळ यांचे तीन-तीन स्वार एका बेसवर, हलक्या स्वारांचे दोन. तीन की दोन हे फक्त समोरच्याला ओळखता यावे म्हणून. लढाईत फरक पडतो तो वर्गाचा. आणि वर्ग ठरतो तो अंगावरच्या लोखंडावरून नव्हे. जोरदार धडक मारून शत्रूची फळी फोडणे हा ज्यांचा बाणा ते ‘नाइट’. मग ते फ्रान्सचे असोत की त्यांच्या हजार वर्षे आधीचे.

या तिन्हींत बरोबर कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही, पण प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. पहिल्यात प्रत्येक स्वाराला चेहरा असतो आणि फौज कधीच दिसत नाही. तिसऱ्यात फौज दिसते पण खोली खोटी असते. एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर धरला तर ३० मिलिमीटर खोलीच्या बेसवरची घोड्यांची एक रांग तीस मीटर जागा अडवते. प्रत्यक्षात एका घोड्याला तीनेक मीटर पुरतात. टेबलावरचे प्रत्येक घोडदळ असे दहापट जाड असते. त्यामुळे बगल मारणे, फळीमागून वळून येणे या चाली टेबलावर मैदानापेक्षा कठीण होतात, आणि मग खेळाडू म्हणतात की या नियमांत घोडदळ दुबळे आहे. दोष बहुधा नियमांचा नसून घोड्याच्या प्लास्टिकच्या शेपटीचा असतो.

घोडदळ नेमके काय करत असे

वादाचा गाभा इथे आहे.

चार्ल्स ओमन यांनी १८८५ साली मध्ययुगीन युद्धकलेवर एक निबंध लिहिला आणि पुढे त्याचेच विस्तारित ग्रंथ केले. त्यांच्या चित्रातले सरदार शूर, उद्धट आणि बेशिस्त आहेत. शत्रू दिसला की सुटतात, सेनापतीचे ऐकत नाहीत, आणि लढाई म्हणजे दोन जमावांची टक्कर. हे चित्र इतके ठसले की वॉरगेमिंगचे पहिले नियम जवळजवळ त्याच्यावरच बेतलेले आहेत.

बेल्जियन इतिहासकार जे. एफ. वेरब्रुखन यांनी १९५४ साली याला उत्तर दिले. १९७७ साली ते इंग्रजीत आले आणि तेव्हा त्याचा आवाज घुमला. त्यांचे म्हणणे, सरदार एकेकटे लढतच नसत. वीसतीस जणांच्या तुकड्या एकत्र सराव करत, एका निशाणाखाली, गुडघ्याला गुडघा लावून चढाई करत. टेम्पलर या लढाऊ धर्मसंघाच्या नियमपुस्तकात परवानगीशिवाय रांग सोडण्याला मनाई आहे. ज्यांना शिस्त माहीतच नाही ते असली कलमे लिहीत नाहीत.

१९६२ साली लिन व्हाइट यांनी आणखी मोठा दावा केला: रिकिबीमुळे स्वाराला धडक पेलता आली, धडकेमुळे चिलखती स्वार आला, आणि त्याला पोसण्यासाठी सरंजामशाही. एका लोखंडी कडीवर अख्खी समाजव्यवस्था टांगणारा हा सिद्धांत आकर्षक होता. बर्नार्ड बाखराख आणि इतरांनी तो पुष्कळसा उतरवला. खोगिराची उंच पाठ, नाल, घोड्याची पैदास, आणि मुळात त्या काळातल्या लढायांत धडकेचे प्रमाण किती, हे प्रश्न त्यांनी पुढे आणले.

मग १९७६ साली जॉन कीगन यांनी, इंग्रजांनी फ्रेंचांवर विजय मिळवलेल्या अजिंकूरच्या लढाईकडे घोड्याच्या बाजूने पाहिले. घोडा शहाणा प्राणी आहे, माणसांच्या किंवा जमिनीत रोवलेल्या टोकदार सुळ्यांच्या घट्ट भिंतीवर तो आपणहून आदळत नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. त्यामुळे धडक म्हणजे दोन वस्तूंची टक्कर नसून धीराची परीक्षा: पायदळ आधी फुटले तर घोडे आत घुसतात, नाही फुटले तर बाजूला वळतात. हे सगळ्यांना मान्य नाही. युद्धघोडा वर्षानुवर्षे शिकवलेला असे, आणि भिंत कितीही घट्ट म्हटली तरी तिच्यात फटी असतातच, असा प्रतिवाद आहे.

लढायांकडे पाहावे तर दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. ११ जुलै १३०२ला कोर्टरिकजवळ फ्लेमिश विणकरांच्या आणि कारागिरांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांना ओढ्यांमध्ये गाठून कापले. मेलेल्यांच्या टाचांवरून काढलेल्या सोनेरी आऱ्यांच्या सुमारे पाचशे जोड्या गावातल्या चर्चमध्ये टांगल्या होत्या, त्या फ्रेंचांनी ऐंशी वर्षांनी परत नेल्या. १३४६ला क्रेसी, तिथे दिवस मावळेपर्यंत फ्रेंचांच्या पंधराएक चढाया फसल्याचे समकालीन लेखक सांगतो. पण १८ जून १४२९ला पाते इथे ला हीर आणि झँत्राय या फ्रेंच सरदारांच्या स्वारांनी इंग्रज तिरंदाजांना सुळे ठोकून होण्याआधीच गाठले आणि धुळीला मिळवले. तेच घोडे, तेच भाले, तेच तिरंदाज. तयारीला मिळालेल्या अर्ध्या तासाचा फरक.

नियमावल्या या वादाचे भाषांतर कसे करतात ते मजेशीर आहे. १९९३च्या ‘डीबीएम’मध्ये आदेशाचे गुण न मिळालेले बेशिस्त सरदार आपणहून पुढे सुटतात, तुम्ही त्यांना अडवायला गुण खर्च करायचे. ‘लायन रॅम्पंट’मध्ये ‘वाइल्ड चार्ज’ असा गुणच आहे: शत्रू आवाक्यात आला की फासा टाकायचा, आणि फासा अनुकूल पडला की तुमची तुकडी तुम्हाला न विचारता निघते. हे दोन्ही ओमनचे वारस. चढाईच्या पहिल्या फेरीला जास्तीचा जोर देऊन नंतर तो काढून घेणारे नियम ‘वॉरहॅमर’च्या घराण्यातले, त्यांचा भर टक्करीवर आहे. आणि पायदळाचा धीर आधी तपासून मगच हातघाई सोडवणारे नियम कीगनच्या बाजूला झुकतात.

मला स्वतःला अनावर चढाईचे नियम खेळायला आवडतात, हे कबूल करतो. स्वतःचेच घोडे आपले ऐकत नाहीत यात एक नाट्य आहे. पण इतिहास म्हणून ते मला एकांगी वाटतात. ७ सप्टेंबर ११९१ला क्रूसयुद्धातल्या अर्सुफच्या लढाईत हॉस्पिटलर धर्मसंघाचे सरदार हुकमाआधीच सुटले, हे उदाहरण सगळे देतात. त्याच सकाळपासून दुपारपर्यंत तेच सरदार बाणांच्या वर्षावात, घोडे मरत असताना, रांग धरून चालत होते, ही बाब त्याच लढाईतली. एका फाशाने दोन्ही गोष्टी कशा दाखवायच्या?

घोड्याची उंची

हा वाद अलीकडे पेटला. आर. एच. सी. डेव्हिस यांच्या १९८९च्या पुस्तकाने मध्ययुगीन युद्धघोडा जाणीवपूर्वक पैदाशीतून मोठा होत गेला, ही मांडणी पक्की केली होती. सिनेमे त्याच्याही पुढे गेले आणि सरदाराच्या खाली नांगराचा अवाढव्य घोडा आला. फिगर घडवणाऱ्यांनीही बराच काळ तेच केले.

२०२२च्या सुरुवातीला एक्सेटर विद्यापीठाच्या प्रकल्पातले संशोधन गाजले. इंग्लंडमधल्या १७१ उत्खननस्थळांवरची, इसवी सन ३०० ते १६५० या काळातली घोड्यांची सुमारे दोन हजार हाडे मोजून त्यांनी सांगितले की बहुतेक घोडे १४.२ हँडपेक्षा, म्हणजे १४७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे होते. आजच्या भाषेत तट्टू. नॉर्मन काळातला सर्वांत मोठा सापडला तो ट्रोब्रिजच्या किल्ल्यात, जेमतेम पंधरा हँडचा. अर्थात यात एक मोठे ‘पण’ आहे, आणि ते संशोधकांनीच मांडले आहे. हाडावरून घोडा लढाईचा होता की गाडीचा हे ओळखणे फार कठीण. आणि लढाईचा घोडा किल्ल्याच्या उकिरड्यात पुरला जाईलच असे नाही.

या सगळ्याचा टेबलावर अर्थ काय? २८ मिलिमीटरची फिगर डोळ्यापर्यंत मोजतात. साधारण १:५७ प्रमाण धरा. १४७ सेंटिमीटरचा घोडा खांद्याशी २६ मिलिमीटर भरतो, सोळा हँडचा २८.५. म्हणजे डेव्हिस ते एक्सेटर हा सगळा प्रवास टेबलावर अडीच-तीन मिलिमीटरचा. तरीही डोळ्याला तो लगेच कळतो, कारण लहान घोड्यावर स्वाराचे पाय खाली लोंबतात आणि रुबाब उतरतो. गिऱ्हाईक मोठाच घोडा उचलते, असा घडवणाऱ्यांचा अनुभव असावा. बाजारात तरी तसेच दिसते. भीमथडीच्या तट्टांचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी माणसाला यात कमीपणा वाटायचे कारण नाही. माझ्या फौजेत मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे लहान-मोठे घोडे मिसळले आहेत आणि लहान घोडे मागच्या रांगेत दडवले आहेत, हेही सांगून टाकतो.

कोणाकोणाला घ्यायचे

नवा खेळाडू चोवीस सरदार घेतो. सगळे चिलखती, सगळे झुली पांघरलेल्या घोड्यांवर, प्रत्येकाचे निशाण वेगळे. दिसायला देखणे, आणि कोणत्याही खऱ्या फौजेशी न जुळणारे.

१४४५ साली सातव्या शार्लने फ्रान्सच्या खड्या घोडदळाची बांधणी केली तेव्हा पंधरा कंपन्या काढल्या, प्रत्येकीत शंभर ‘लांस’. एक लांस म्हणजे सहा माणसे: एक चिलखती सरदार, एक सुराधारी स्वार, एक पोऱ्या, दोन तिरंदाज, एक नोकर. सगळे घोड्यावर. म्हणजे नऊ हजार घोड्यांत सरदार दीड हजार. हेच प्रमाण माझ्या चोवीस फिगरांना लावले तर चार लांस होतात आणि सरदार निघतात चार. उरलेल्या वीस जणांत चार सुराधारी, आठ तिरंदाज, जे बहुतेक वेळा उतरून लढत, आणि आठ जण, पोऱ्ये आणि नोकर, जे लढायचे की मागे घोडे धरायचे यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

यावर दोन भूमिका आहेत. एक म्हणते, टेबलावर फक्त लढणारे ठेवावेत. नोकर-पोऱ्ये ही सामानसुमानाची बाब. दुसरी म्हणते, ती माणसे वगळली की फौजेचा आकार, रस्ता अडण्याची पद्धत, माघारीचा गोंधळ, सगळे खोटे होते. मधला मार्ग बरेच जण काढतात: दोन-तीन बेसांवर सरदारासोबत पोऱ्या आणि मोकळा घोडा, बाकी निव्वळ लढणारे.

त्याहून अडचणीची गोष्ट पायउतार होण्याची. १९ सप्टेंबर १३५६ला प्वातियेच्या मैदानावर फ्रेंचांनी निवडक तीनेकशे सरदारच घोड्यावर ठेवले, बाकी सगळे उतरवले. त्यांनी भाले तोडून पाच फुटांवर आणले आणि टाचेच्या आऱ्या काढल्या. उलट इंग्रजांच्या बाजूने काप्ताल द ब्यूश या सरदाराने साठेक सरदार आणि शंभर तिरंदाज घोड्यावर घालून मागून वळसा घेतला आणि लढाईचा काटा फिरवला. अजिंकूरच्या आधीची फ्रेंच लढाईची योजना ब्रिटिश लायब्ररीत आहे, ती १९८४ साली छापली गेली; तिच्यात तिरंदाजांवर सोडायचे हजार स्वार बाजूला काढलेले दिसतात, बाकी बहुतेक सैन्य पायी. थोडक्यात, या काळातले घोडदळ हे बऱ्याचदा घोड्यावरून आलेले पायदळ आहे. ज्याला खरोखर ही फौज उभारायची आहे त्याने प्रत्येक सरदार दोनदा रंगवला पाहिजे, एकदा घोड्यावर आणि एकदा जमिनीवर, निशाण तेच. खर्च दुप्पट. बहुतेक जण इथे गप्प बसतात.

घोडा कोणाचा, हा प्रश्नही आहे. अँड्र्यू एटन यांनी १९९४ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या घोड्यांच्या किमतींच्या याद्या अभ्यासल्या. मोहिमेत मेलेल्या घोड्याची भरपाई राजा करत असे, म्हणून आधी किंमत ठरवून रंगासकट नोंद होई. शिलेदार आणि बारगीर हा भेद ज्याला माहीत आहे त्याला याचे मोल समजावून सांगायला नको: स्वतःचा घोडा मेला की शिलेदाराचा बारगीर होतो. भरपाई मिळणार असेल तर माणूस घोडा जास्त निर्धास्तपणे पुढे घालेल का, हे एकाही नियमावलीत मला सापडलेले नाही.

धातू, प्लास्टिक आणि रंग

इथे वाद कमी, आवडीनिवडी जास्त. धातूच्या फिगरला वजन असते, हातात बरी वाटते. तिचे भाले मात्र वाकतात, म्हणून जुने खेळाडू ते कापून तिथे स्टीलची तार बसवतात. (ती टोचते. घरात लहान मूल असेल तर टोक घासून बोथट करावे.) प्लास्टिकच्या डब्यात साधारण डझनभर स्वार येतात आणि हात, डोकी बदलता येतात. ब्रिटनमधल्या पेरी बंधूंच्या डब्यांनी आणि इटलीच्या फायरफोर्जने ही मध्ययुगीन बाजारपेठ गेल्या दीडेक दशकात बदलून टाकली. आता घरच्या रेझिन प्रिंटरवर घोडे छापणारे आले आहेत. परदेशातून डबा मागवून वर कस्टम भरण्यापेक्षा हे परवडते, म्हणून आपल्याकडे ते वेगाने वाढेल असे मला वाटते. फक्त छापलेले बारीक भाले फुंकरीने मोडतात.

घोडे रंगवायला एक जुनी युक्ती आहे: आधी फिका नारिंगी-तपकिरी ॲक्रिलिक हात, वाळल्यावर वर गडद तपकिरी तैलरंग, आणि अर्ध्या तासाने स्पंजने पुसणे. स्नायूंच्या उंचवट्यावरून रंग निघतो, खाचांत राहतो. कुमैत घोडे असे रांगेने होतात. अबलख एखादाच ठेवावा, पंचकल्याणी दोन-तीन. नवशिक्याच्या फौजेत मात्र चौघांपैकी एक पांढराशुभ्र असतो, कारण तो सरदाराला शोभतो. मी गेल्या जुलैत भर पावसात मॅट वार्निशचा स्प्रे मारला. हवेतला दमटपणा वार्निशमध्ये अडकला आणि सकाळी सहा सरदार कोकणातल्या धुक्यातून आल्यासारखे पांढुरके उभे होते. वर चकाकीचे वार्निश हाताने लावल्यावर बरेचसे सुधारले. तीन महिन्यांचे झुलींवरचे काम वाचले, पण निळा रंग पूर्वीचा राहिला नाही.

निशाणांबाबत दोन तट आहेत. एक गेल्र आर्मोरियलसारख्या चौदाव्या शतकातल्या निशाणकोशांतून खरी चिन्हे उतरवतो. दुसरा मनाने रंगवतो. खरी उतरवलीत तर एक वर्ष निवडावे लागते. मग तेराव्या शतकातले बादलीसारखे शिरस्त्राण आणि पंधराव्या शतकातले उघडे पोलादी चिलखत एका रांगेत उभे करता येत नाही. मनाने रंगवलेल्यांना हा त्रास नाही, आणि खेळ त्यांचाही तितकाच चांगला होतो.

काय सुटलेले नाही

आकडे सुटलेले नाहीत. अजिंकूरचे फ्रेंच सैन्य अॅन करी यांनी २००५ साली बारा हजारांच्या आसपास आणले. क्लिफर्ड रॉजर्स त्याच्या दुपटीने देतात. टेबलावर एका बाजूला किती बेस ठेवायचे हे त्यावर ठरते, आणि इंग्रजांचा विजय चमत्कार दिसतो की कर्तबगारी, हेही.

युरोपाबाहेरचे घोडदळ तर वादाच्या टप्प्यालाही आलेले नाही. ‘डीबीएम’च्या याद्यांत भारतातल्या मध्ययुगीन फौजा आहेत. पण देवगिरीच्या यादवांचे स्वार उभारायला बसा, तयार फिगर मिळत नाहीत. जवळच्या म्हणून विकल्या जातात त्या तीनशे वर्षांनंतरच्या. आपल्याकडे वीरगळांवर घोडेस्वार कोरलेले आहेत, खोगीर, ढाल, भाला, सगळे. कोणी तरी ते मोजून, रेखाटून फिगर घडवणाऱ्यासमोर ठेवायला हवेत. रेझिन प्रिंटर आल्यापासून हे काम एका माणसाच्या आवाक्यात आले आहे.

आणि माघारी फिरणारे घोडे. अजिंकूरला बाणांनी जखमी झालेले, स्वार पडलेले घोडे उलटे पळाले आणि चिखलातून पायी पुढे येणाऱ्या आपल्याच रांगांत घुसले, हे त्या दिवसाच्या वृत्तान्तांत येते. ती रांग तिथेच विस्कटली. बहुतेक नियमावल्यांत पराभूत घोडदळ मागे सरते, फार तर वाटेतल्या मित्रपक्षाला एक गुण वजा होतो, आणि मेलेला स्वार उचलून डब्यात ठेवला की मैदान स्वच्छ. काही खेळाडू मोकळे घोडे वेगळे रंगवून नुकसानीची खूण म्हणून ठेवतात. ते घोडे कोणत्या दिशेला किती धावायचे, यावर मात्र मी तीन टेबलांवर तीन नियम पाहिले आहेत, तिन्ही हाताने लिहिलेले. माझ्या बारांपैकी तीन घोड्यांवर म्हणूनच स्वार बसवायचे नाहीत असे ठरवले आहे. उरलेल्या नऊ जणांचे भाले अजून टेबलावरच पडून आहेत.